पोरेसनी जागा

खापर, ता. २० जानेवारी १९३८

रूपसिंग,

आशीर्वाद लिहायला टाक उचलला आणि थांबलो. सव्वा वर्षापूर्वी तुला दारातून परतवून लावणारा मीच. म्हणून नुसतं नाव लिहितो.

तू भुसावळला रेल्वेच्या यार्डात कोळसा वाहतोस, असं नंदुरबारहून मिरची विकून आलेल्या एका माणसानं सांगितलं. पत्ता त्याच्याकडूनच मिळाला. माय बरी आहे. डोळ्यांनी कमी दिसतं. तुझं नाव ती माझ्यासमोर काढत नाही. तुझ्या वहिनीजवळ काढते.

हे पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. काल दिवलीबाई शाळेत आली होती.

पोर गेल्यापासून ती शाळेच्या वाटेनं फिरकली नव्हती. डोक्यावर लाकडाची मोळी असली तरी भिलाटीतून मागच्या नाल्यानं बाजारात जायची, पण शाळेसमोरचा रस्ता टाळायची. काल सरळ आली आणि पायरीशी उभी राहिली. माझ्या हातातला खडू तसाच राहिला. मला वाटलं, आज ही मला काहीतरी बोलणार.

ती म्हणाली, "मास्तर, मन्ही पोर तं गई. बाकीना पोरे आज बी रस्तावरच खेळी ऱ्हायनात. त्यासले जागा दे."

मी म्हटलं, "बाई, मी कुठून जागा देऊ?"

"तू मास्तर शे. तुले लिखता येस. लिखी दे, नही तं मांगी दे. पन दे."

इतकंच बोलून ती गेली. रडली नाही, तुझं नाव घेतलं नाही. तुझ्या गाडीखाली जिची पोर, जातरी, गेली, ती बाई दुसऱ्यांच्या पोरांसाठी जागा मागते आहे, हे तुला कळावं असं वाटलं. त्या दिवशी शाळा सुटली होती आणि पोरं आपल्या मर्जीनं रस्त्यावर खेळत होती, हे तुला माहीत आहेच.

उत्तर लिहिलंच पाहिजे असं नाही.

उदेसिंग


खापर, ता. २६ फेब्रुवारी १९३८

रूपसिंग,

तुझं उत्तर आलं नाही. मीही ते मागितलं नव्हतं. तरी लिहितो, कारण इथं जे चाललंय ते दुसऱ्या कुणाला सांगावं असं वाटत नाही.

नाल्याच्या अंगाला अमरचंद शेठची पडीक जागा आहे, बाभळी आणि दगडांनी भरलेली. कधीतरी तिथं सरकी काढायचा कारखाना घालायचा त्याचा विचार. गावात तेवढी एकच मोकळी जागा उरली आहे. मी, दिवलीबाई आणि भिलाटीतले चौघे त्याच्या पेढीवर गेलो. दिवलीबाई पायरीखालीच बसली.

शेठ म्हणाला, "मास्तर, पोरं काय, कुठंही खेळतात. जागा एकदा गेली की परत येत नाही."

मी कागदावर लिहून नेलं होतं, तेच वाचून दाखवलं. त्यानं हात जोडले आणि आम्ही उठलो.

आता पुढचं ऐक. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठची आई धापूबाई स्वतः चालत त्या जागेवर आली. ती म्हातारी माडीवरून खाली उतरलेली गावानं कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. छातीपर्यंत घुंगट, एका हातात काठी, मागून धावत आलेला शेठ. ती बाभळीच्या काट्यांपर्यंत गेली आणि तिथंच उभी राहिली. मी शाळेतून धावत गेलो तेव्हा ती मुलाला सांगत होती. निम्मं मारवाडीत, निम्मं आपल्या बोलीत, पण कळलं सगळ्यांना. त्या दिवशी ती खिडकीत बसली होती. सगळं तिनं पाहिलं होतं. "गाडी आपल्या लाकडांची होती," ती म्हणाली. "बैलांना बोल लावला, गाडीवानाला लावला. लाकडं कुणाची, ते कुणी विचारलं नाही. मी खिडकी लावून घेतली. अमरचंद, मला मरायच्या आधी ती खिडकी उघडायची आहे."

शेठ तिथंच, सगळ्यांसमोर, म्हणाला, "घ्या मास्तर. पोरांना द्या."

मी घरी येऊन मायला सांगितलं, तेव्हा तिनं कधी नव्हे ते माझ्यासमोर विचारलं, "रूपसिंगले लिखं का हाई?"

हे लिहिलं ते तिच्या सांगण्यावरून.

उदेसिंग


खापर, ता. ३१ मार्च १९३८

रूपसिंग,

गेले आठ दिवस मी नीट झोपलो नाही. आजारपण नाही, काळजी नाही. पाहिलेलं डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून.

जागा मिळाली, पण ती साफ करणार कोण? आम्ही अकरा जणांचं मंडळ केलं. मी त्याला 'खापर बालोद्यान मंडळ' असं भारदस्त नाव दिलं. ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. सगळे 'पोरेसनी जागा' म्हणतात. मंडळानं दोन रविवार कुदळी चालवल्या. हाताला फोड आले आणि एक कोपरा साफ झाला. मधोमध बैलगाडीएवढा काळा खडक, तो तर हलेचना. मी मामलेदारांना सुरुंगासाठी अर्ज लिहायला बसलो.

दिवलीबाई म्हणाली, "कागद ऱ्हाऊ दे. मी लाह बोलाव्हस."

लाह तुला ठाऊक असेल, गाड्या घेऊन तू डोंगरात पुष्कळ फिरलास. एकाचं घर बांधायचं किंवा शेत काढायचं असलं की सगळा पाडा जातो. काम करून घेणारा जेवू घालतो, बस. पण हे काम कुणा एकाचं नव्हतं आणि दिवलीबाईच्या घरी जेवू घालायला काय होतं? ती भोंगऱ्याच्या बाजारांना गेली. होळीआधी डोंगरातले लोक ढोल घेऊन नटून जिथं जमतात, तिथं ही बाई एकटी उभी राहायची आणि सांगायची, माझी जातरी खेळता खेळता गेली, खेळायला जागा करायची आहे, होळीनंतरच्या पाचव्या दिवशी खापरला या. एकेका बाजारात असं सांगत ती सात दिवस चालली.

मला वाटलं, पंचवीस-तीस माणसं येतील.

पाचव्या दिवशी पहाटे ढोल ऐकू आला. आधी मोलगीच्या बाजूनं, मग नाल्यापलीकडून, मग सगळीकडून. मी बाहेर आलो तर डोंगराच्या वाटांवरून माणसं उतरत होती. संपेचनात. खांद्यावर कुदळी, पहारी, कुऱ्हाडी, कमरेला भाकरीचं फडकं. बाया टोपल्या घेऊन, पाठीला लेकरं बांधून. मी मास्तर माणूस, हजेरी घ्यायची सवय, म्हणून मोजायला लागलो आणि चारशेवर सोडून दिलं. जेवायचं म्हणशील, तर प्रत्येकानं आपली भाकर आपणच आणली होती. लाहेत असं कधी होत नाही. धापूबाईनं डाळीची हंडी चढवली, तेवढीच काय ती गावाची बाजू.

त्यांच्यात वाहरू नावाचा म्हातारा होता. नर्मदेच्या काठावरच्या मणिबेलीहून दोन दिवस चालत आलेला. लंगोटी, डोक्याला फडकं, पाय वाळल्या लाकडासारखे. त्यानं जागेभोवती एक फेरी मारली, दोनदा खाली बसून माती चोळली. मग खडकाजवळ येऊन त्यावर तळहात ठेवून उभा राहिला, वैद्य नाडी पाहतो तसा. आणि म्हणाला, "लाकडं लावा."

खडकाभोवती माणूसभर उंच लाकडं रचली आणि पेटवली. सकाळपासून दुपार टळेपर्यंत जाळ धगधगत होता. जवळ उभं राहवेना. तेवढ्या वेळात बायांनी नाल्यापासून रांग लावली आणि मडकी हातोहात येऊन भोवती मांडली गेली. रांगेत भिलाटीतल्या बाया, गुजर पाटलांच्या बाया, शेठच्या घरच्या सुना, तुझी वहिनी. जात विचारायला कुणाला उसंत नव्हती. वाहरूनं हात वर केला. ढोल थांबले. त्यानं हात खाली टाकला आणि सगळी मडकी एकदम रिकामी झाली.

रूपसिंग, बंदूक सुटावी तसा आवाज झाला. वाफेनं काही दिसेना. वाफ विरली तेव्हा खडकाला वरपासून खालपर्यंत तीन भेगा पडलेल्या. मग पहारी घुसल्या, लोक सुरात हुंकार देऊ लागले आणि त्या काळ्या डोंगराची ढेकळं झाली. मी सुरुंगासाठी अर्ज लिहीत होतो!

तीन दिवस काम चाललं. तिसऱ्या दिवशी दुपारी जागा अंगणासारखी सपाट झाली. मी आभाराचं भाषण तयार केलं होतं. तोंड उघडणार तोच डोंगरातल्या गड्यांपैकी कुणीतरी म्हणालं, जागा बरी झाली का नाही, आधी बघायला नको? झालं! राखेनं रेघ ओढली आणि दाढीमिशांची माणसं हुतुतू खेळायला उतरली. मला ओढलं, शेठलाही ओढलं. वाहरूनं माझी तंगडी धरून मला असं लोळवलं की धोतर सावरता सावरता पुरेवाट झाली. काठावरची पोरं उड्या मारत होती.

तेव्हा दिवलीबाई हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसली. आणि हसता हसताच खाली बसली. बायांनी तिला घेरलं. आम्ही खेळ थांबवणार, तर तिनं हातानं खुणावलं, चालू द्या.

संध्याकाळी सगळे आले तसे डोंगरात निघून गेले. कुणी नाव विचारलं नाही, सांगितलं नाही. मी रिकाम्या जागेवर एकटा उभा राहिलो. मी आजवर ज्यांना अडाणी म्हणत आलो, त्यांच्यासमोर मी किती लहान आहे, ते कळलं. आणि दुसरंही काही कळलं, पण ते लिहायचं धैर्य आज नाही.

उदेसिंग


खापर, ता. १७ जुलै १९३८

भाऊ,

आज सगळं लिहितो. मध्येच थांबलो तर पुन्हा होणार नाही.

पाऊस चांगला झाला. वाहरूनं जिथून पाणी जाईल म्हणून चर काढायला लावला होता, बरोबर तिथूनच ते गेलं. मैदानावर डबकं म्हणून साठलं नाही. परवा झाडं लावली. डोंगरातून आंबा, मोह, कडुनिंब, करंज यांची रोपं आली. प्रत्येक घराला एक झाड द्यायचं ठरलं. लावायचं त्यांनी आणि जगवायचंही त्यांनीच. सगळा गाव चिखलात होता. कुणीतरी म्हणालं, एक झाड जातरीच्या नावानं लावू आणि मास्तरांनी दोन शब्द बोलावे.

दिवलीबाईनं करंजाचं रोप खड्ड्यात धरलं होतं. मी समोर उभा होतो. तोंडून जो पहिला शब्द फुटला तो मी ठरवलेला नव्हता.

मी म्हटलं, "बाई, त्या दिवशी शाळा सुटली नव्हती."

तुला हे ठाऊक होतं. इतरांना नव्हतं. शाळेचं आवार मी शेठला सागाचे ओंडके ठेवायला दिलं होतं, बदल्यात त्यानं गळकी कौलं बदलून दिली होती. आवारात पाय ठेवायला जागा उरली नव्हती, म्हणून मधल्या सुट्टीत मीच पोरांना म्हणालो, जा, रस्त्यावर खेळा. तुझी गाडी ओंडके घेऊन माझ्याच आवारात येत होती. उतारावर बैल बुजले. पंचनाम्यात मी लिहून दिलं की शाळा सुटली होती, पोरांची जबाबदारी माझ्यावर नव्हती. तू तिथंच उभा होतास. तुला एका वाक्यात मला खोटं पाडता आलं असतं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि गप्प राहिलास. माझी नोकरी राहिली. लोक तुला दारुड्या म्हणाले, तू कधी थेंब घेतला नव्हतास. आणि रात्री घरी आलास तेव्हा मी तुला म्हटलं, तोंड दाखवू नकोस. तुझं तोंड पाहिलं की मला माझं दिसत होतं, म्हणून.

हे सगळं मी चिखलात उभा राहून, सगळ्या गावासमोर बोललो. माय तिथंच होती.

दिवलीबाईनं मान वर केली नाही. रोपाभोवती माती दाबत राहिली. मग म्हणाली, "माले ठाऊक व्हतं."

"कसं?"

"पोरनी पाटी तू माले दुसरा दिवस आनी दिन्ही. शाळा सुटती तं पाटी तिना हातमा ऱ्हाती. पाटी शाळामाच व्हती."

रूपसिंग, पावणेदोन वर्षं त्या बाईला ठाऊक होतं. तरी जानेवारीत ती माझ्याच दारी आली आणि जागा मागितली.

मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "मी बोलतू तं भांडन व्हतं. तू बोलशी तं काम व्हई. वाट देखी ऱ्हायंतू." आणि हात पुढे केला. "पानी दे आते. रोप सुकी जाई."

मी तांब्या दिला. निम्मं पाणी तिच्या मनगटावर सांडलं.

काल मी पोलिसात आणि शाळाखात्यात खरी हकीकत लिहून पाठवली. तू निर्दोष आहेस आणि माझ्यासाठी गप्प राहिलास, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. पुढं जे होईल ते होईल. मायनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. आज सकाळी मात्र तिनंच भाकर वाढली आणि म्हणाली, "तुन्हा भाऊले लिख."

मला क्षमा कर असं लिहिणार नाही. तेवढा अधिकार माझ्याकडे उरलेला नाही. फक्त खरं काय ते तुला माझ्या अक्षरात मिळावं.

तुझा
दादा


खापर, ता. ४ ऑक्टोबर १९३८

भाऊ,

काल दसऱ्याला जागा खुली झाली. फीत नव्हती, हार नव्हते. कोण उघडणार यावर मंडळात तीन दिवस वाद झाला, शेवटी दिवलीबाईनं कुंपणाची बाभळीची फांदी ओढून बाजूला केली आणि म्हणाली, "जा रे!" पोरं अशी आत घुसली की आम्ही मोठी माणसं काठावर फेकली गेलो.

शेठनं चार झोके बांधले आहेत. धापूबाईसाठी खुर्ची आणली होती. ती त्यात बसली नाही, झोक्यावर बसली. भिलाटीतल्या पोरींनी तिला झोका दिला.

तू ये.

दादा


खापर, ता. २२ नोव्हेंबर १९३८

भाऊ,

तू येऊन गेलास.

दिवलीबाईनं मला आज सांगितलं, तू जाऊन आठ दिवस झाल्यावर. तूच सांगू नको म्हणाला होतास. आठ दिवस तिनं शब्द पाळला, मग म्हणाली, आता पुरे.

ती पाणी घालत होती. कुंपणाबाहेर रेल्वेचा जुना कोट घातलेला माणूस बराच वेळ उभा होता. दाढी वाढलेली, तरी तिनं ओळखलं. म्हणाली, "मधी ये." तू मान हलवलीस. तिनं घडा खाली ठेवला, बाहेर आली, तुझा हात धरला आणि तुला आत नेलं. हे सांगताना तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. ज्या हातात त्या दिवशी बैलांचे कासरे होते, तो तिनं धरला. पोरांना तू कोण ते ठाऊक नव्हतं. मोठा माणूस दिसला म्हणून त्यांनी तुला झोके द्यायला लावलं आणि तू ऊन उतरेपर्यंत देत राहिलास. मग तिच्या घरी भाकर खाल्लीस.

मी तिला विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलला?"

म्हणाली, "दादा कसा शे, इतलंच इचारं. मी बोलनू, जाईसन देख, घर दोन हाकवर शे. तो रडना आनि गया."

मी दोन हाकांवर होतो. मायही.

शाळाखात्याचं उत्तर आलं आहे. हेडमास्तरकी गेली, तळोद्याला साध्या मास्तराच्या जागी बदली झाली. गाव अर्ज करायला निघालं होतं, मी नको म्हटलं. दिलेली शिक्षा मला बरोबर वाटते. एक तारखेपासून खापर सुटेल. जागेला माझी गरज उरलेली नाही. आज सकाळी पाहिलं, सत्तरातली त्रेसष्ट झाडं जगली आहेत. पाण्याच्या पाळ्या बाया आपसात ठरवतात, मंडळाला विचारतही नाहीत. लहानगी पोरं त्या जागेत अशी वावरतात की जणू ती जगाच्या आरंभापासून तिथंच होती.

दिवलीबाईला म्हटलं, रूपसिंगला पुन्हा बोलावू का? ती म्हणाली, "तो इतला दूरथून उना. आते तू जाय."

येत्या रविवारी नंदुरबारहून गाडी धरतो. बरोबर माय आहे. डोळ्यांनी दिसत नसलं तरी यायचंच म्हणते. तू स्टेशनावर येऊ नकोस. यार्ड मोठं आहे, मला ठाऊक आहे. मी विचारत विचारत येईन. या खेपेला तुला शोधायचं काम माझं आहे.

दादा